पॉइंट रोझी: न सापडलेल्या व्हायकिंग वस्तीचं प्रकरण

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचं मोठं बेट आहे. त्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात, कोड्रॉय खोऱ्याजवळ, समुद्रात घुसलेलं एक उघडं, वाऱ्याचं भूशिर आहे. त्याचं नाव पॉइंट रोझी. २०१४ ते २०१७ या काळात इथे व्हायकिंगांच्या वस्तीचा शोध झाला. सुरुवात उपग्रहाच्या छायाचित्रांपासून झाली. दोन उन्हाळे खोदकाम झालं. मधल्या काळात जगभर बातम्या झळकल्या, एक माहितीपटही आला. शेवटी संघाने सरकारी कार्यालयाला लेखी कळवलं की इथे नॉर्स लोकांचा, म्हणजे व्हायकिंगांचा, कसलाही मागमूस नाही.

सापडलेल्या गोष्टींवर भरपूर लिहिलं जातं. न सापडण्यापर्यंतची वाट मात्र क्वचितच कोणी टप्प्याटप्प्याने मांडतं. मला ती वाट जास्त महत्त्वाची वाटते, कारण पुरातत्त्वातले खरे निर्णय तिथेच दिसतात. या लेखात संघातल्या कोणाचंही नाव घेतलेलं नाही. नावं सहज मिळतील, पण इथे माणसांपेक्षा निर्णयांकडे बघायचं आहे. जागा मात्र लपवता येत नाही, कारण सगळा प्रश्नच त्या जागेच्या मातीचा आहे.

पार्श्वभूमी

ग्रीनलंडमध्ये वसलेले नॉर्स लोक इसवी सन १००० च्या आसपास पश्चिमेकडे जहाजं घेऊन गेले आणि ‘विनलँड’ नावाच्या प्रदेशात उतरले, असं आइसलंडच्या जुन्या गाथा सांगतात. या गाथा घटनांनंतर दोनेकशे वर्षांनी लिहिल्या गेल्या. त्यामुळे त्यात इतिहास किती आणि रचलेलं किती, यावर वाद होताच.

तो वाद १९६० नंतर मिटत गेला. नॉर्वेचे हेल्गे इंगस्टाड किनाऱ्याने गावोगाव विचारत न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकावरच्या लान्स ओ मेडोज या मच्छीमारांच्या वाडीत पोहोचले. तिथल्या जॉर्ज डेकर नावाच्या गावकऱ्याने त्यांना गवताखालचे उंचवटे दाखवले. गावात त्या जागेला आदिवासींचा जुना तळ समजत. हेल्गे यांच्या पत्नी अ‍ॅने स्टीने इंगस्टाड या पुरातत्त्वज्ञ होत्या. त्यांच्या नेतृत्वाखाली १९६१ ते १९६८ उत्खनन झालं. पुढे १९७३ ते १९७६ मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय उद्यान विभागाने काम पुढे नेलं. आठ इमारतींचे पाये निघाले. भिंती लाकडी सांगाड्याला लावलेल्या, मुळांसकट कापलेल्या हिरवळीच्या थरांच्या होत्या. आइसलंड आणि ग्रीनलंडमध्ये तशीच घरं बांधत.

पण उंचवटे आणि भिंतींच्या रेषा एवढ्यावर कोणी विश्वास ठेवला नव्हता. लोकांना पटलं ते वस्तूंमुळे. मऊ दगडाची सूतकताईच्या चातीची चकती सापडली, म्हणजे तिथे कोणीतरी सूत कातत होतं. पांघरूण खांद्यावर अडकवायची, डोक्याला कडी असलेली काशाची टाचणी सापडली. १९६८ साली सापडलेली ही टाचणी जेमतेम बोटभर लांबीची आहे, पण तिची घडण नॉर्स लोक वापरत त्या प्रकारची आहे. ओढ्याकाठी लोहाराची झोपडी, धातुमळी (लोखंड गाळल्यावर उरणारा कचरा) आणि नावेच्या फळ्या जोडायचे खिळेही मिळाले. १९७८ मध्ये ही जागा जागतिक वारसा यादीत गेली. २०२१ मध्ये, तिथे पूर्वी सापडलेल्या आणि जपून ठेवलेल्या लाकडांची वर्षवलयं तपासली गेली. इसवी सन ९९३ मध्ये कॉस्मिक किरणांचा मोठा मारा झाला होता आणि त्याची खूण झाडांच्या त्या वर्षीच्या वलयात राहते. तिथपासून झाडाच्या बाहेरच्या सालीपर्यंतची वलयं मोजल्यावर तीन वेगवेगळ्या झाडांसाठी तोडल्याचं एकच वर्ष आलं: १०२१. ही लाकडं धातूच्या हत्याराने तोडलेली होती.

पॉइंट रोझीचा शोध ज्यातून निघाला तो पुरावा मात्र खाण्याच्या वस्तूचा आहे. लान्स ओ मेडोजच्या थरात ‘बटरनट’ या अक्रोडाच्या जातीची फळं सापडली. हे झाड न्यूफाउंडलंडमध्ये उगवत नाही. त्याची उत्तर सीमा दक्षिणेला, कॅनडाचा न्यू ब्रन्सविक प्रांत आणि सेंट लॉरेन्स नदीच्या खोऱ्याच्या आसपास आहे. म्हणजे या लोकांनी आणखी दक्षिणेला जाऊन ती फळं आणली होती. जातायेताना ते कुठे तरी थांबले असणारच. गाथांमध्ये दक्षिणेच्या ‘होप’ नावाच्या तळाचं वर्णनही आहे. पॉइंट रोझी लान्स ओ मेडोजपासून सरळ रेषेत सुमारे ५०० किलोमीटर नैर्ऋत्येला आहे. उत्तर टोकाहून सेंट लॉरेन्सच्या आखाताकडे किनाऱ्याने उतरलं की वाटेत हा कोपरा लागतो. शोधाची कल्पना हवेतून आलेली नव्हती, हे इथे नोंदवायला हवं.

अडचण काय होती

लान्स ओ मेडोजची वस्ती थोड्या काळाची होती. माणसं शंभराच्या आत असावीत. जाताना त्यांनी कामाच्या वस्तू बरोबर नेल्या. कबरी सापडलेल्या नाहीत. अशी वस्ती जमिनीवर फारच फिकट खूण ठेवते. त्यात न्यूफाउंडलंडची माती आम्लधर्मी. हाडं तिच्यात टिकत नाहीत, लोखंड गंजून ढेकूळ होतं, आणि हिरवळीच्या भिंती खचून पुन्हा जमिनीसारख्याच दिसू लागतात. एवढा किनारा पायी तुडवून अशी जागा शोधणं अवघड आहे.

दुसरी अडचण या विषयाच्या इतिहासाची. अमेरिकेत व्हायकिंगांच्या खुणा सापडल्याचे दावे शंभराहून अधिक वर्षं होत आले आहेत आणि त्यातले बहुतेक फसले आहेत. मिनेसोटातला केन्सिंग्टनचा, रून या जुन्या नॉर्स लिपीतला दगडी लेख १८९८ मध्ये निघाला आणि बनावट ठरला. ऱ्होड आयलंडवरचा न्यूपोर्टचा दगडी मनोरा सतराव्या शतकातला निघाला. येल विद्यापीठाने १९६५ मध्ये जाहीर केलेल्या, मध्ययुगीन म्हणवल्या गेलेल्या विनलँडच्या नकाशाची शाई आधुनिक असल्याचं त्याच विद्यापीठाने २०२१ मध्ये मान्य केलं. अमेरिकेच्या मेन राज्यात सापडलेलं अकराव्या शतकातलं नॉर्वेजियन नाणं खरं आहे, पण ते स्थानिक लोकांच्या व्यापारातून हातोहात तिथवर पोहोचलं असावं असं मानलं जातं. त्यामुळे या विषयातले जाणकार ‘नवी जागा सापडली’ ऐकलं की आधी पुरावा मागतात. तो त्यांचा कोतेपणा नाही. ठेच लागून आलेलं शहाणपण आहे.

पहिला टप्पा: आकाशातून जागा निवडणं

संघप्रमुखांचा अनुभव उपग्रह-छायाचित्रांचा होता. इजिप्तमध्ये या पद्धतीने त्यांनी मोठं काम केलेलं होतं. पद्धत अशी: जमिनीखाली भिंत, खड्डा किंवा चर असेल तर तिथे पाणी मुरण्याचं प्रमाण बदलतं. मग वर वाढणारं गवत जरा जास्त जोमाने किंवा जरा कमी जोमाने वाढतं. साध्या डोळ्यांना हा फरक दिसत नाही, पण अवरक्त प्रकाशात वनस्पतींचा जोम स्पष्ट दिसतो. लांबलचक किनाऱ्याची छायाचित्रं चाळून, संशयास्पद जागांची यादी गाळत गाळत संघ पॉइंट रोझीवर आला. तिथे गवतात सरळ, काळपट रेषा दिसत होत्या. लांबट घराच्या भिंती असाव्यात, असा त्यांचा आकार होता.

इथे पहिला निर्णय झाला. गाळणीत उरलेल्या जागेकडे बघण्याची एक अडचण असते, आणि ती कोणत्याही शोधाला लागू पडते. शेकडो ठिकाणांतून ‘सगळ्यात घरासारखी दिसणारी’ जागा तुम्ही निवडता, तेव्हा ती घरासारखी दिसणारच, कारण त्याच निकषावर तुम्ही ती निवडलेली असते. तो आकार पुन्हा पुरावा म्हणून मोजता येत नाही. छायाचित्राने ‘इथे बघा’ एवढंच सांगितलं होतं. पुढच्या टप्प्यांमध्ये या आकाराला त्याहून जास्त वजन मिळत गेलं, असं मला बाहेरून वाचताना वाटतं.

इजिप्तच्या वाळवंटात मातीच्या विटांची भिंत आणि आजूबाजूची जमीन यांत फरक मोठा असतो. न्यूफाउंडलंडमध्ये हिरवळीची भिंत हिरवळीतच पुरलेली असते. शिवाय बर्फ, दलदल, पाण्याचे पाट, जुनी शेती यांनीही जमिनीवर रेषा उमटतात. एका मुलखात कसलेला डोळा दुसऱ्या मुलखात गेला की तिथल्या जमिनीच्या सवयी त्याला नव्याने शिकाव्या लागतात.

दुसरा टप्पा: २०१५ चा उन्हाळा

२०१५ मध्ये प्रांतिक पुरातत्त्व कार्यालयाच्या परवानगीने चाचणी झाली. न्यूफाउंडलंडच्या कायद्याप्रमाणे अशा खोदकामाला परवाना लागतो आणि काम संपल्यावर अहवाल द्यावा लागतो. ही अट पुढे फार मोलाची ठरली.

आधी मॅग्नेटोमीटर फिरवला. हे यंत्र जमिनीतल्या चुंबकीय फरकांची नोंद घेतं. भट्टी, चूल, भाजलेली माती, लोखंड असेल तिथे आकडे उसळतात. इथे ते उसळले. मग मोजकेच, लहान चाचणी-खड्डे घेतले. हा संयम मला योग्य वाटतो, कारण उत्खनन म्हणजे जागा उलगडताना ती कायमची संपवणंही असतं.

खड्ड्यांत दोन गोष्टी पुढे आल्या. एक म्हणजे मातीत काळसर पट्टे, हिरवळीच्या भिंतीच्या छेदासारखे. दुसरी म्हणजे दगडाजवळची चुलीसारखी जागा आणि दलदलीतल्या लोहखनिजाचे तुकडे, जे भाजलेले वाटत होते.

या दुसऱ्या गोष्टीत सगळी उमेद होती. युरोपीय येण्यापूर्वी न्यूफाउंडलंडचे मूळ रहिवासी खनिज गाळून लोखंड काढत नव्हते. नॉर्स लोक मात्र दलदलीतलं खनिज गोळा करत, ते आधी विस्तवावर भाजून त्यातलं पाणी घालवत, मग कोळशाच्या भट्टीत गाळत. लान्स ओ मेडोजला त्यांनी हेच केलं होतं. म्हणजे सोळाव्या शतकाच्या आधी इथे कोणी खनिज भाजलं असेल, तर तो माणूस नॉर्सच.

तर्क बिनतोड आहे. पण तो ‘भाजलं असेल तर’ या शब्दांवर उभा आहे.

नेमकी गफलत कुठे होऊ शकते

इथे जरा थांबून माती हातात घेऊ, कारण प्रकरणाची गाठ इथेच आहे.

दलदलीतलं लोहखनिज माणूस बनवत नाही. जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेलं लोह वर येतं, हवेतला प्राणवायू आणि लोहावर जगणारे जिवाणू यांच्यामुळे ते गंजाच्या रूपात साचतं. वर्षानुवर्षं साचत गेलं की त्याचे तांबूस, तपकिरी, कधी काळपट गोळे आणि पापुद्रे बनतात. हातात घेतला तर असा गोळा वजनाला जड लागतो आणि फोडला की आत मातकट, गंजलेला दिसतो. काही गोळ्यांची साल कडक आणि काळी असते, विस्तवातून निघाल्यासारखी. न्यूफाउंडलंडच्या दलदलीत असे गोळे माणसाशिवायही भरपूर तयार होतात.

धातुमळी म्हणजे खनिज गाळून लोखंड काढल्यावर उरणारा वितळलेला कचरा. ती वेगळी दिसते. तिच्यात बुडबुड्यांची भोकं असतात, वितळून ओघळल्याच्या खुणा असतात, काचेसारखी चकाकी असते. पातळ चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली की निसर्गात दलदलीत न बनणारे स्फटिक तिच्यात दिसतात. धातुमळी एकदा पक्की झाली की माणूस आला, भट्टी आली. भाजलेलं खनिज मात्र मधल्या पायरीवरचं असतं. त्याची ओळख अवघड, आणि जंगलातल्या वणव्यानेही खनिज भाजलं जाऊ शकतं. मॅग्नेटोमीटरला तर याने काहीच फरक पडत नाही. लोह असलं की आकडा उसळतो, मग ते चुलीतलं असो की चिखलातलं.

काळ्या पट्ट्यांचंही तसंच. थंड, ओल्या, आम्लधर्मी प्रदेशात ‘पॉडझॉल’ नावाची माती तयार होते. पावसाचं पाणी वरच्या थरातलं लोह आणि कुजलेलं द्रव्य धुऊन खाली नेतं. वरचा थर राखेसारखा फिकट होतो आणि खाली काळा, मग गंजासारखा तांबडा पट्टा जमतो. राखाडी, काळा, तांबडा असा छेद ज्याने पूर्वी पाहिला नाही त्याला तो राख, कोळसा आणि भाजलेली माती वाटू शकतो.

म्हणजे संघाच्या हातातल्या दोन्ही खुणा, भिंतीसारखे पट्टे आणि भाजल्यासारखं लोहखनिज, अशा होत्या की या बेटावर निसर्ग त्या आपण होऊन बनवतो. दोन खुणा एकत्र आल्या म्हणून पुरावा दुप्पट झाला असं वाटतं. पण दोन्हींचं कारण एकच ओली, लोहयुक्त जमीन असेल तर त्या एकत्र येणं अगदी स्वाभाविक आहे. त्या एकमेकींना आधार देत नाहीत.

समोरच्या वाटा

२०१५ च्या शेवटी अशा संघापुढे मोजक्याच वाटा असतात.

काहीच न बोलता दुसऱ्या उन्हाळ्याची वाट बघावी, ही पहिली. यात विश्वासार्हता टिकते. पण दूरच्या भूशिरावर मोठा संघ न्यायला पैसा लागतो, आणि पैसा देणाऱ्याला दाखवायला काहीतरी लागतं. शांत बसणं हा फुकटचा पर्याय नाही, हे टीका करणारे पुष्कळदा विसरतात.

दुसरी वाट म्हणजे हातात आलेल्या नमुन्यांवर वर्षभर प्रयोगशाळेत काम करावं आणि त्यांचं उत्तर येईपर्यंत पुढचं खोदकाम ठरवूच नये. हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कंटाळवाणं.

तिसरी, शोध इतर संशयित जागांवर पसरावा. एका जागेवर जीव जडण्याचा धोका त्याने कमी होतो, पण प्रत्येक जागेसाठी वेगळा परवाना, वेगळा प्रवास.

चौथी, ‘शक्यता’ म्हणून जाहीर करावं आणि मोठं उत्खनन करावं.

संघाने चौथी वाट घेतली. मार्च २०१६ च्या शेवटी बातमी आली आणि एप्रिलमध्ये माहितीपट प्रसारित झाला. संघाचे स्वतःचे शब्द जपून होते. ‘असू शकतं’, ‘अजून सिद्ध झालेलं नाही’ असंच बोललं गेलं. नॉर्स पुरातत्त्वातल्या जुन्या जाणकारांनीही लगेच सांगितलं की याचा अर्थ काढायची घाई करू नका. पण मथळ्यांमध्ये ‘शक्यता’ हा शब्द टिकत नाही. ‘अमेरिकेतली दुसरी व्हायकिंग वस्ती’ एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं.

या निर्णयावर मी सरसकट दोष देणार नाही. दृक्श्राव्य निर्मिती आणि खोदकाम बरोबरीने चाललेलं असलं की वेळापत्रक दोघांचं मिळून ठरतं. प्रसारणाची तारीख मातीच्या नमुन्यांसाठी थांबत नाही. माझा आक्षेप क्रमाला आहे. पुरावा काय असला तर दावा मागे घ्यायचा, हे ठरवून मग जाहीर करणं शक्य होतं. ‘धातुमळी मिळाली नाही, किंवा पट्टे नैसर्गिक निघाले, तर आम्ही याच व्यासपीठावरून तसं सांगू’ असं एक वाक्य त्या पहिल्या बातमीत असतं, तर पुढचं सगळं वेगळं वाचलं गेलं असतं.

तिसरा टप्पा: २०१६ चं उत्खनन

त्या उन्हाळ्यात मोठं खोदकाम झालं. या टप्प्यातला निर्णय मला या प्रकरणातला सगळ्यात चांगला वाटतो: संघाने नॉर्स वस्त्यांचे जाणकार सोबत घेतले. ज्यांनी उत्तर अटलांटिकच्या बेटांवर हिरवळीच्या खऱ्या भिंती खणल्या आहेत, अशी माणसं. आपला दावा मोडू शकेल त्याच माणसाला खड्ड्यात उतरवायचं, हे सोपं नसतं. विशेषतः जग बघत असताना.

त्यांनी बघितलं, खणलं, आणि आकार विरघळत गेले. भिंतीसारखे पट्टे मातीचे नैसर्गिक थर निघाले. लोहखनिज निसर्गाने साचवलेलं निघालं. एकही टाचणी नाही, चकती नाही, खिळा नाही. उत्खननात सगळं संपलं, असा एखादा क्षण नसतो. एकेक चर खोल होत जातो आणि प्रत्येक चरात ‘अजून नाही’ असं लिहावं लागतं. शेवटी ‘अजून’ हा शब्द खोडायची वेळ येते.

निष्पत्ती

नोव्हेंबर २०१७ मध्ये संघाने प्रांतिक कार्यालयाला अहवाल दिला. त्याचा आशय असा: पॉइंट रोझीला नॉर्स वास्तव्याचा कसलाही पुरावा मिळाला नाही, आणि ऐतिहासिक काळापूर्वीच्या मानवी हालचालींचाही नाही. नॉर्स तज्ज्ञांसह संघातल्या कोणालाही त्या जागेत माणसाच्या कामाची खूण वाटली नाही, हेही त्यात नमूद आहे. भाषा गुळमुळीत नाही. ‘पुढील संशोधनाची गरज आहे’ म्हणून दार किलकिलं ठेवण्याची सवय सगळीकडे असते. ती इथे दिसत नाही, आणि याबद्दल संघाचं मनापासून कौतुक करायला हवं.

पण ही गोष्ट लोकांपर्यंत पोहोचायला आणखी काही महिने गेले, आणि पोहोचली ती छोट्या बातम्यांमधून. २०१६ च्या गाजावाजाच्या तुलनेत तिची कुजबुजच झाली. आजही कित्येक ठिकाणी पॉइंट रोझीचा उल्लेख ‘बहुधा दुसरी वस्ती’ असा सापडतो. जुना दावा जितक्या जागी छापला गेला, तितक्या जागी त्याचं खंडन कधीच छापलं जात नाही.

अहवाल लिहिला गेला यामागे परवान्याची अटही आहे, हे पुन्हा सांगतो. जिथे अहवालाची सक्ती नाही किंवा ती कागदावरच आहे, तिथे रिकामे हात घेऊन परतलेली उत्खननं गप्प राहतात. मग वीस वर्षांनी दुसरा कोणी तीच जागा पुन्हा खणतो.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी माणसांचा क्रम. माझ्या मते मृदाशास्त्रज्ञ आणि नॉर्स भिंती ओळखणारा जाणकार हे २०१५ च्या पहिल्या खड्ड्यातच निर्णायक हवे होते. काळ्या पट्ट्याचा अखंड ठोकळा काढून, तो राळेत घट्ट करून त्याचा कागदासारखा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. हिरवळीची भिंत असेल तर कापलेल्या ढेकळांच्या कडा आणि उलटी पडलेली मुळं दिसतात. नैसर्गिक थर असेल तर पाण्याने खाली नेलेल्या द्रव्याचे एकसलग लेप दिसतात. ही तपासणी मोठ्या उत्खननाच्या मानाने स्वस्त आहे.

दुसरी गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते: तुलनेचा खड्डा. ज्या जागी छायाचित्रात काहीच दिसत नाही अशा, त्याच भूशिरावरच्या साध्या जागी तसाच खड्डा घ्यायचा. तिथेही तेच काळे पट्टे आणि तेच लोहाचे गोळे निघाले, तर प्रश्न त्याच दिवशी बराचसा सुटतो. पुरातत्त्वात ‘काही नसलेली जागा’ खणायला कोणी सहसा पैसे देत नाही, परवान्याच्या अर्जातही ती विचित्र दिसते. पण इथल्यासारखी निसर्गाची नक्कल करणारी माती असेल तर ती जागा खणल्याशिवाय बाजूच्या खड्ड्यातलं काहीच वाचता येत नाही.

पुराव्याची पातळी आधीच लिहून ठेवणंही शक्य होतं. लान्स ओ मेडोजने ती पातळी आखून दिलेली आहे: आकार पुरेसा नाही, खनिज पुरेसं नाही. घडणीवरून ओळखता येईल अशी वस्तू हवी, किंवा निर्विवाद धातुमळी आणि तिच्याच थरातल्या कोळशाचं योग्य काळातलं कार्बन-१४ वय हवं. तिथे इंगस्टाड दांपत्याला १९६१ ते १९६८ एवढा काळ लागला आणि बहुतेक वेळ शंकाच सोसावी लागली. कडीची टाचणी मिळाली ती शेवटच्या हंगामात.

उपग्रहाची पद्धत यामुळे निकामी ठरत नाही. किनारा मोठा, पैसा थोडा असताना कुठे बघायचं हे ठरवायला तिच्याशिवाय दुसरं फारसं काही नाही. पॉइंट रोझीच्या अपयशाने उलट तिला एक उपयोगी गोष्ट मिळाली आहे. न्यूफाउंडलंडच्या दलदलीत ‘खोटी वस्ती’ आकाशातून कशी दिसते, मॅग्नेटोमीटरवर कशी दिसते, आणि खड्ड्यात कशी दिसते, याचा एक पूर्ण तपासलेला नमुना आता सरकारी नोंदीत आहे.

बटरनटचा प्रश्न मात्र जिथल्या तिथे आहे. लान्स ओ मेडोजवर ज्यांनी वर्षानुवर्षं काम केलं, त्यातल्या काहींचं मत आहे की दक्षिणेचा तळ न्यू ब्रन्सविकच्या पूर्व किनाऱ्यावर, मिरामिची नदी आणि शालर उपसागराच्या परिसरात शोधायला हवा. तिथे बटरनट वाढतो, रानद्राक्षं वाढतात, नदीत सामन मासा चढतो, आणि गाथेतल्या होपच्या वर्णनात अशीच नदी, द्राक्षं आणि मासे आहेत. तिथे अजून एकही नॉर्स वस्तू सापडलेली नाही. तिथे जो संघ जाईल, त्याने पॉइंट रोझीचा अहवाल सोबत न्यावा आणि पहिला खड्डा रिकाम्या जागी घ्यावा.